टेबलफॅनच्या खोक्यावरचं पुणं

शाळेच्या डायरीत लाल शाईने लिहिलंय:
घरातल्या टाकाऊ वस्तूंचं कोलाज. सोमवारी आणणे.
आज रविवार, सव्वादहा वाजलेत,
आणि हे घर जेमतेम चार महिन्यांचं.
इथे टाकाऊ म्हणावं असं
अजून काही साठलेलंच नाही.

वल्लरी ओट्यावरचे डबे उघडून बघते.
"बाबा, आईकडे सात बरण्या आहेत कडधान्यांच्या."
माझ्याकडे तूरडाळ, अर्धा किलो. चहापूड.
कपड्यांच्या चिमट्याने तोंड बांधलेलं रव्याचं पाकीट.
"चालेल," ती म्हणते,
रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणतात तसं.

टेबलफॅनचा खोका फाडून पालथा घातला.
फेव्हिकॉलचं नाक चोंदलेलं, ते सुईने मोकळं केलं.
तिने बोटाने मधोमध वाकडी रेघ ओढली: ही मुठा.
नदीला लागली माझ्या ॲसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं,
चंदेरी, सगळे खळगे रिकामे.
"मार्चमध्ये अशीच असते. डबकी डबकी."

टेकडीला भांडी घासायचा काथ्या.
पर्वतीला अंड्याचं टरफल.
"अगं, देवळाला अंडं?"
"पांढरं आहे ना पण."
रस्त्यांवर चहापूड भुरभुरून तिने जोरात फुंकर मारली,
अर्धा लक्ष्मी रोड माझ्या लेंग्यावर आला.

मग नारायण पेठ.
आईच्या घराला कांद्याच्या सालींचं छप्पर,
दुधाच्या पिशवीच्या खिडक्या,
दारापुढे डाळीची झाडं, एकेक दाणा चिमटीत धरून,
जीभ ओठांबाहेर काढून.
पाऊण तास. मी दोनदा चहा केला, उरलेल्या पुडीचा.

आणि पलीकडे, कर्वेनगरला,
माझं लाइटबिल. चार घड्या, फतकन चिकटवलं.
"तुझ्याकडे टपालात एवढंच येतं, बाबा."
ग्राहक क्रमांक आत गेला, रक्कम आत गेली,
भरण्याची शेवटची तारीख तेवढी दारावर राहिली,
पाटीसारखी, लांबूनही वाचता येईल अशी.

पूल राहिला होता.
तिने काडेपेटी पाहिली. स्ट्रॉ पाहिली. नाक मुरडलं.
मग माझ्या जुन्या बॅगेची चेन उसवून काढली.
"झेड ब्रिज. त्याच्यावरून दुचाक्याच जातात ना?"
दोनदा मुडपली, दोन्ही टोकं दाबून वीसपर्यंत मोजलं,
मधला भाग मुद्दाम सुटा ठेवला.
"आणि हे आपण," म्हणत रनर सरकवला,
नारायण पेठ ते लाइटबिल,
लाइटबिल ते नारायण पेठ.

चेन बिघडलेली, म्हणून तर बॅग बाजूला पडली होती.
रनर पुढे जातो, मागे दात जुळत नाहीत.
तिलाही दिसलं असणार. सातव्या वर्षी दिसतं.
बोलली नाही काही.
पुन्हा सरकवला.

साडेसहाला निघालो. खोका आम्हा दोघांच्या मधे, उभा.
पुलाच्या वळणावर वारा लागला.
"बाबा, हळू! झाडं पडतायत!"
मी इतका हळू झालो
की मागच्या बुलेटवाल्याने शेजारी येऊन अदबीने विचारलं,
"काका, ढकलू का?"

रात्री आमटीला टाकायला गेलो तर डाळ नव्हती.
ओट्यावर फेव्हिकॉल उघडाच, नाक पुन्हा चोंदलेलं.
पिठलं करता आलं असतं, पण बेसन कुठलं?
रव्याचा चिमटा काढला.

मंगळवारी फोनवर फोटो आला, वल्लरीच्या आईकडून.
कोपऱ्यात बाईंचा हिरवा शेरा: छान.
एका दाराभोवती
बोटाने काढलेलं लाल वर्तुळ.
खाली एवढंच:
"तारीख उद्याची आहे. भर."